आत बसून बोलायची भाषा

चतुरा गेली हे रंगनाथला फोनवर सांगण्यात आलं, पण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला ते कळलंच नाही. अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल होता. गंगापूर रोडवरच्या आपल्या चष्म्याच्या दुकानात तो एका गृहस्थांच्या फ्रेमची काडी गरम करून वाकवत होता. काडी थंड व्हायच्या आत वाकवावी लागते, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात फोन वाजला. त्याने खांद्याने रिसीव्हर कानाशी दाबून धरला. पलीकडे एसटी स्टँडचा गलका होता आणि त्यातून एका बाईचा आवाज घाईघाईने बोलत होता, "बाबा, माय उठी नही ऱ्हायनी. माय पडेल शे." सटाण्याकडची कुणीतरी बाई आहे, बापाला शोधतेय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. "इथे कुणी माय नाही, राँग नंबर," असं म्हणून त्याने फोन ठेवला. काडी तोवर थंड झाली होती. तो वैतागला. मिनिटभरात फोन पुन्हा वाजला. या वेळी आवाज एकेक शब्द सुटा करून बोलला, "बाबा, मी मेटे बोलते आहे. आई पडल्या आहेत. त्या उठत नाहीत. तुम्ही या." मग तो तसाच उठला. दुकान उघडं, गृहस्थ खुर्चीत, फ्रेम काउंटरवर. स्टँडवरून दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असं डॉक्टर म्हणाले, बहुतेक स्टँडवरच गेल्या असाव्यात, असंही म्हणाले. व्हरांड्यातल्या बाकावर मेटे लग्नात द्यायची स्टीलची कळशी मांडीवर घेऊन बसली होती. चतुरा तिला सोबत घेऊन माहेरी लग्नाला निघाली होती.

मेटे डेन्मार्कची. सतरा वर्षांची, उंच, उन्हाने नाक सोललेली. रंगनाथ ज्या क्लबचा मेंबर होता त्या क्लबतर्फे परदेशातली मुलं वर्षभरासाठी इथे शिकायला येत आणि इथली तिकडे जात. गेल्या ऑगस्टमध्ये एका मुलीला घर हवं होतं. रंगनाथने घरी नुसतं सांगितलं होतं, त्याला वाटलं होतं चतुरा नाही म्हणेल. मुलगा शेखर नोकरीला पुण्याला, घरात दोघंच, त्यात चतुराला इंग्रजीचं अक्षर येत नाही. पण ती म्हणाली, येऊ द्या की, खोली रिकामीच आहे. पोरीचं नाव तिला नीट म्हणता येईना, म्हणून ती तिला मेथी म्हणू लागली. मेथीची भाजी पहिल्यांदा ताटात वाढली तेव्हा दोघी अशा हसल्या, की रंगनाथला उगाच परक्याच्या घरी जेवायला आल्यासारखं वाटलं. पुढे तो दुकानातून यायचा तर दोघी मागच्या गॅलरीत काहीतरी निवडत, सोलत बसलेल्या असायच्या. त्याची चाहूल लागली की उठायच्या. पोरगी महिन्यागणिक मराठी बोलू लागली आणि चांगली बोलू लागली. क्लबच्या सभेत लोक तिचं कौतुक करत, तुमच्याकडे उच्चार फार शुद्ध झाले हो हिचे, म्हणत. रंगनाथला बरं वाटे. त्याचे वडील प्राथमिक शिक्षक. चांदवडहून नाशिकला बदलून आल्यावर त्यांनी मुलांच्या तोंडातलं हाय आणि नाय पट्टीने काढून टाकलं होतं. आपल्या घरात नीट बोललं जातं हे त्याला नेहमीच ठाऊक होतं.

दिवसकार्य झालं, माणसं गेली, शेखरही चार दिवस जास्त राहून पुण्याला गेला. एका सकाळी रंगनाथ दुकानात जायला निघाला आणि रुमाल विसरला म्हणून दारातून परत फिरला. मागच्या गॅलरीतून चतुराचा आवाज आला. "आठे ये. काय करी ऱ्हायनी तठे?" इकडे ये, तिथे काय करतेयस. आवाज चतुराचा नव्हता हे त्याला पुढच्याच क्षणी कळलं, तो जास्त बारीक होता, तरुण होता. पण शेवटचा शब्द किंचित वर उचलून मध्येच सोडून द्यायची तिची लकब होती, रागावल्यासारखं करून न रागावणं होतं, ते सगळं तिचं होतं. तो कडीवर हात ठेवून उभा राहिला. आत मेटे शेजारच्या मांजरीशी बोलत होती. बोलताना ती शे म्हणत होती, माले म्हणत होती, तुले म्हणत होती, कुठेही न अडखळता, जशी ती मराठीत अजूनही थोडी अडखळे तशी नाही. मग त्याच्या हाताखालची कडी वाजली. मेटे वळली आणि स्वच्छ नाशिकच्या मराठीत म्हणाली, "बाबा, काही राहिलं का?" त्याने रुमाल म्हणून सांगितलं. तिने आणून दिला. दुकानाच्या वाटेवर त्याला तो पहिला फोन आठवला आणि तो राँग नंबर नव्हता हे तेव्हा समजलं. दिवसभर त्याने दोन गिऱ्हाइकांचे नंबर चुकीचे लिहिले.

चतुरा सटाण्याच्या पुढच्या एका गावची. तिकडे घरात अहिराणी बोलतात. लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, पाणी गरम शे. रंगनाथची बहीण पदराआड हसली होती, आणि मग महिनाभर घरातलं जो तो येता जाता शे शे म्हणत होता, चिडवायला, प्रेमानेच. महिन्याभरात चतुराच्या तोंडातून शे गेलं. किती पटकन शिकली, असं सगळे म्हणाले, रंगनाथही म्हणाला. तिच्या माहेरची माणसं आली की आत स्वयंपाकघरात बोलणं चाले, भरभर, हसत, आणि रंगनाथ दारात आला की ते आपोआप बदले, बाई डोक्यावर पदर घेते तसं. दाजींसमोर आपलं गावठी बोलायचं नाही, ही त्यांची रीत होती. त्यात मान होता. पंचवीस सव्वीस वर्षं तो मान त्याने घेतला, त्यात घेण्यासारखं काय आहे याचा विचार न करता, जसा पाट घेतला, पहिली पोळी घेतली. आता तो दुकानात बसून विचार करायचा, की ती भाषा गेली नव्हती तर मग ती इतकी वर्षं कुठे होती. भाजीवाल्याशी ती बोलली नसणार. शेखरशी नाही, शेखरला इंग्लिश मीडियममध्ये घातला होता. एकटी असताना स्वतःशी बोलत असेल का? आणि मग ही परकी पोरगी आली, जिला कुठली मराठी आणि कुठली नाही हे कळत नव्हतं, आणि चतुराला एक माणूस मिळालं ज्याच्यापुढे हसं व्हायचं भय नव्हतं. हे त्याच्या घरात, त्याच्या मागच्या गॅलरीत, आठ महिने चाललं होतं. त्याला राग येई. कुणाचा ते ठरत नसे.

मेटे जूनच्या मध्यावर परत जाणार होती. मेच्या सुरुवातीला क्लबचे बोरस्ते घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चतुराच्या फोटोकडे पाहून हळहळले, आणि मग पाण्याचा पेला हातात फिरवत म्हणाले की मुलीला आता कॉलेज रोडला एका घरी हलवावं लागेल. घरात बाईमाणूस नसेल तर मुलगी ठेवता येत नाही, नियमच आहे तसा, तुमच्याबद्दल काही नाही रंगनाथभाऊ, तुम्हाला कोण ओळखत नाही. रंगनाथ म्हणाला, शेवटचे थोडे आठवडे राहिलेत, तिचं सामान आहे, तिला सवय आहे. बोरस्ते मान हलवत राहिले. खरं कारण रंगनाथच्या जिभेशी आलं आणि तिथेच राहिलं. काय सांगणार होता? की ही पोरगी माझ्या बायकोसारखं बोलते म्हणून तिला इथे राहू द्या? हे वाक्य बोरस्त्यांच्या कानात काय होऊन शिरेल ते त्याला दिसत होतं. सतरा वर्षांची गोरी मुलगी आणि महिन्यापूर्वी बायको गेलेला पुरुष. त्याने सरबत करायला म्हणून आत जाऊन ओट्याला दोन्ही हात टेकले. शेखरला फोन केला तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा तिला. तुम्हाला कशाला ती जबाबदारी? आणि तुम्हाला तरी काय, दिवसभर तुम्ही दुकानात." बरोबरच होतं ते. रंगनाथला वाटलं, आपण रडलो असतो तर लोकांना समजलं असतं, पण आपल्याला हवंय ते मागताच येत नाही, कारण त्याला नावच नाही.

शेवटी दुसऱ्या दिवशी तो एसटीने सटाण्याला गेला आणि तिथून जीपने पुढे. चतुराची धाकटी बहीण मालनबाई खळ्यात कांदे चाळीत भरायला बायकांना सांगत उभी होती. अंगावर धूळ, कमरेला पदर खोचलेला, लांबूनच तिचा आवाज ऐकू येत होता, अहिराणीत, कुणाला तरी चांगलंच फैलावर घेत होती. रंगनाथ दिसला तसा तिने कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, "दाजी, काही निरोप न धाडता आलात. सगळं ठीक आहे ना?" त्याने सांगितलं, मुलगी जाईपर्यंत घरी येऊन राहा, घरात बाईमाणूस हवं आहे. तिने कांद्याकडे पाहिलं, चाळीकडे पाहिलं, मग म्हणाली, बहिणीने जीव लावलेली पोर आहे, येते मी. रंगनाथला ती नाही म्हणाली असती तर बरं, असं एक क्षणभर वाटलं. आपण खोटं बोलून तिला कामातून उठवतोय हे त्याला कळत होतं. नियमाचं कारण खरं होतं, पण तो आला होता दुसऱ्याच कारणाने.

मालनबाई आली आणि बोरस्ते निमूट झाले. घर भरलं. पण रंगनाथच्या हाताला काही लागेना. मेटे आणि मालनबाई यांचं पहिल्याच दिवशी जमलं. मागच्या गॅलरीत बोलणं सुरू झालं. मालनबाई दोन वेळा हसता हसता रडली हेही त्याने लांबून ऐकलं. आणि तो दारात आला की सगळं थांबे, मग शुद्ध मराठीत विचारलं जाई, चहा ठेवू का, लवकर आलात का, ऊन फार आहे ना. त्याने चपला फाटकापाशी काढायला सुरुवात केली. अनवाणी, तापलेल्या फरशीवरून टाचा उचलत तो स्वतःच्या घरात चोरासारखा शिरे आणि फ्रिजच्या आडोशाला उभा राही. चार वाक्यं मिळत, कधी पाच. कैऱ्यांबद्दल, कुणाच्या तरी सुनेबद्दल, डेन्मार्कात म्हशी असतात की नुसत्या गाई याबद्दल. एवढ्यात फ्रिज सुरू होई आणि त्याच्या घरघरीत सगळं बुडे. एकदा मालनबाई पाणी न्यायला आत आली आणि थेट त्याच्यापुढे उभी राहिली. दोघंही दचकले. तिने पदर सावरला. "काही हवं होतं का दाजी?" तो म्हणाला बर्फ. तिने बर्फ काढून दिला. तो तांब्यात बर्फ घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसला, आणि आतून दाबलेलं हसू ऐकू आलं. त्या हसण्याचा त्याला राग आला नाही. तो अंगठ्याने बर्फ तांब्यात ढकलत राहिला. चतुराही असंच हसायची, तो बाहेर असताना.

मेटेला घरच्यांसाठी भेटवस्तू घ्यायच्या होत्या म्हणून एका संध्याकाळी तो तिला घेऊन मेन रोडला गेला. तिने तांब्याचे दोन तांबे घेतले, आईसाठी एक बांधणी घेतली. भाव करताना ती दुकानदाराशी अशी भांडली की तो म्हणाला, पोरगी कोणत्या गावची हो? परतताना रिक्षा अशोक स्तंभापाशी गर्दीत अडकली. रंगनाथने समोर पाहत, रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, तू आईशी बोलायचीस तसं माझ्याशी बोलशील का. मेटेला आधी कळलं नाही. कळल्यावर तिचा चेहरा लाल झाला.

"तुमच्याशी कसं बोलणार बाबा?" ती म्हणाली. "ते आत बसून बोलायचं असतं."

मग हळूहळू त्याला उमगलं की पोरीची समजूत काय आहे. तिला ही वेगळी भाषा आहे हे माहीतच नव्हतं. तू आणि तुम्ही असतं तसंच शे आणि आहे असतं, असं ती धरून चालली होती. घरात, बायकांशी, मांजराशी शे. बाहेर, पुरुषांसमोर, मोठ्यांसमोर आहे. चतुराने तिला तसंच शिकवलं होतं, बाबा आले की नीट बोलायचं. आणि पोरगी ते व्याकरण म्हणून शिकली होती. रंगनाथने सांगायला सुरुवात केली की तसं नाही, ती अहिराणी आहे, तिकडे पुरुषही बोलतात, सगळे बोलतात, सभेत बोलतात, भांडणं त्याच भाषेत होतात. ती ऐकून घेत होती, पण शंका घेऊन, जसं आपल्याला एखाद्याने आईच्या शिकवणीविरुद्ध काही सांगावं. ती म्हणाली, "पण मालनमावशीपण तुमच्यासमोर बोलत नाहीत." रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवत होता. रंगनाथ म्हणाला, मी सांगतोय ना, बोल, मला चालेल. तिने ओठ उघडले, मिटले. "नाही येत," ती म्हणाली. "तुम्हाला अरे म्हटल्यासारखं वाटतं."

मग बहुधा त्याला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली की आई तुमच्याबद्दल खूप बोलायच्या. रंगनाथ पूर्ण वळून तिच्याकडे पाहू लागला. काय बोलायच्या, त्याने विचारलं.

मेटे विचार करत राहिली. तिचे ओठ आतल्या आत हलले, तिला ते वाक्य आठवत होतं हे स्पष्ट दिसत होतं, ती ते मनात म्हणत होती. "ते मला असं सांगता येत नाही," ती म्हणाली. "ते त्या बोलण्यात आहे."

"मग त्यात सांग."

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला वाटलं तिचा दंड धरून हलवावं, आणि लगेच स्वतःची भीती वाटून त्याने हात मांडीखाली घेतला. पुढे रस्ता सुटला. घर जवळ आल्यावर ती एकदम म्हणाली, "म्हणायच्या की बाबा चांगले आहेत. असं काहीतरी." असं काहीतरी. चतुरा बाबा चांगले आहेत असं वाक्य कधी बोलली नसती, कुठल्याही भाषेत नाही. ती काय बोलली असेल, कशी चेष्टा केली असेल, त्याच्या घोरण्याची, वैतागण्याची, जेवताना पेपर वाचण्याची, त्यात शेवटचा शब्द वर उचलून कसा सोडला असेल, ते सगळं या शेजारी बसलेल्या पोरीच्या डोक्यात धडधाकट होतं आणि महिन्याच्या आत विमानात बसून जाणार होतं. तिकडे ती ते कुणाशी बोलणार होती? दोन वर्षांत विसरेल. त्याने रिक्षावाल्याला पैसे दिले आणि सुटे परत घ्यायचे विसरला.

पुढचे आठवडे त्याने फ्रिजमागे उभं राहणं सोडलं. लाज वाटली म्हणूनही असेल. तो मुद्दाम उशिरा येऊ लागला, फाटक वाजवून, खोकून, म्हणजे त्यांना सावरायला वेळ मिळे. दुकानात बसून तो ओठांतल्या ओठांत जमवून पाहायचा. माले भूक लागनी. तू काय करी ऱ्हायनी. गिऱ्हाईक आलं की थांबायचा. त्याच्या तोंडून ते नाटकातल्या नोकरासारखं वाटायचं. क्लबच्या निरोप समारंभात मेटेने मराठीत भाषण केलं, सुंदर केलं, एकही चूक नाही, आणि भाषणात आईंचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी डोळे पुसले. बोरस्त्यांनी रंगनाथच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, वहिनींनी सोनं केलं पोरीचं. रंगनाथ टाळ्या वाजवत होता. त्या भाषणात चतुराचा एक शब्द नव्हता.

मेटे गेली तो दिवस ढगाळ होता. मुंबईपर्यंत सोडायला क्लबची गाडी होती, त्यात जागा नव्हती, रंगनाथने हट्टही केला नाही. फाटकापाशी ती मालनबाईच्या गळ्यात पडली आणि दोघी काहीतरी बोलल्या, रडत, भरभर, आणि तो चार पावलांवर असताना पहिल्यांदाच त्या थांबल्या नाहीत. पण रडण्यात शब्द कळत नव्हते. मग मेटे त्याच्यापुढे आली, डोळे पुसले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते बाबा. तब्येतीची काळजी घ्या." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

मालनबाई त्याच दुपारच्या गाडीने निघणार होती. तिने त्याच्यापुरता स्वयंपाक करून झाकून ठेवला, पिशवी भरली आणि टेकायला म्हणून आतल्या दाराशी बसली. रंगनाथ पुढच्या खोलीत होता. घरात आता कुणी नव्हतं, हसायला, ऐकायला. तो उठला, दाराशी गेला, आणि दुकानात जमवलेलं वाक्य त्याने एका दमात म्हटलं, "मालन, आठे ऱ्हाय ना दोन दिन. माले एकलं वाटस."

मालनबाईने वर पाहिलं. तिचा हात आपोआप पदराकडे गेला. क्षणभर तिला हसू येत होतं असं त्याला वाटलं, मग तसं नव्हतं हे दिसलं. ती उठून उभी राहिली आणि शुद्ध मराठीत, फार हळू म्हणाली, "दाजी, तुम्ही असं नका बोलू. तुम्हाला शोभत नाही ते." आणि मग, त्याच्याकडे न पाहता, "शेखरला बोलवून घ्या थोडे दिवस. कांदे पडले आहेत, मला जावं लागेल."

तो तिला रिक्षापर्यंत सोडायला गेला. पिशवी त्याने उचलली. तिने राहू द्या राहू द्या म्हटलं, पण त्याने ऐकलं नाही. परत येऊन त्याने दार लावलं आणि झाकून ठेवलेलं जेवला. चतुरा त्याच्याबद्दल काय म्हणायची, ते त्याला अजून कळलेलं नव्हतं.